ॲनोरेक्सिया आणि ऑटिझम दोन्ही असलेल्या मुलीचं जेवण घरी कसं सावरायचं?

चोपडेकर आई

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबणार आहे, सांभाळून घ्या. आधीच एक विनंती: प्रतिसादात कुणी किलो, कॅलरी किंवा 'मी अमुक महिन्यांत एवढं उतरवलं' असलं काही लिहू नका. लेक हा धागा वाचणार आहे, आणि एकदा वाचलेला आकडा तिच्या डोक्यातून जात नाही.

आम्ही चोपडा तालुक्यातले. केळी, थोडा कापूस. घरात सासूबाई, आम्ही दोघं, धाकटा आणि ही. हिला इथे मनू म्हणते. सतरा पूर्ण.

लहानपणापासून मनूचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, दूध, बिनफोडणीचं वरण, पांढरा भात आणि एकाच पुड्यातली बिस्किटं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी तव्यावर पडली की वासानेच उठून ओट्यावर जाऊन बसायची. केळीच्या बागेत वाढलेली पोर केळं खात नाही म्हणून लोक हसायचे. ती सांगायची, "आज घट्ट असतं, उद्या गिळगिळीत, परवा आत डाग निघतो. बिस्किट रोज तेच असतं." मी म्हणायचे, नखरे. सहा वर्षांच्या पोरीने कारणासकट सगळं सांगितलं होतं आणि मी तिला चापट मारली होती.

नववीत शाळेत आरोग्यावर व्याख्यान झालं. साखर वाईट, मैदा वाईट, तेल वाईट. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सुटल्यावर फाटकापाशी समोसे खाल्ले. हिने वहीत लिहून घेतलं आणि पाळलं. मैदा म्हणून बिस्किटं गेली, मग भात गेला, मग दूध. मुळात पदार्थ पाच, त्यातले तीन गेले. मग खळ्याला फेऱ्या सुरू झाल्या, मोजून, पाऊस असला तरी. दीड वर्षात पाळी बंद, केस मूठमूठ गळायला लागले, आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला असताना, अंगात स्वेटर. अकरावीत प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा आम्ही हललो.

मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात ठेवलं. शरीर त्यांनी सावरलं, ते मान्य. पण समुपदेशनात रोज एकच प्रश्न, "तुला जाड व्हायची भीती वाटते ना?" ती म्हणायची, नाही. कागदावर लिहिलं गेलं, 'रुग्ण नाकारते.' विविधता हवी म्हणून रोज वेगळी भाजी, आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं. स्टीलच्या ताटांचा खणखणाट, वर फिनेलचा वास. तिथे ती होतं तेवढंही खाईना.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तिला वजनाचं काही विचारलंच नाही. मला दीड तास विचारलं, ती तीन वर्षांची असताना कशी होती. कपड्यांची लेबलं कापावी लागायची का, मिक्सर लावला की काय करायची, कुणी पाहुणे न सांगता आले तर काय व्हायचं. तीन भेटींनंतर सांगितलं की ॲनोरेक्सिया, म्हणजे खाणं कमी करत स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार, आहेच, पण जन्मापासूनचा ऑटिझमही आहे, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी. बाहेर आल्यावर मनूचे बाबा म्हणाले, "म्हणजे आता दोन आजार?" मनू म्हणाली, "नाही बाबा. आजार एकच आहे. दुसरं म्हणजे मी तशीच आहे."

आता ती घरी आहे, दर पंधरा दिवसांनी तपासणी असते. माझा गोंधळ असा. तिच्या आवडीचंच दिलं तर आजाराचे लाड होतात का? आणि सगळं खायला लावलं तर पुन्हा रुग्णालयासारखं होईल का? तिला भूक लागतच नाही म्हणते, ते खरं मानू का? शिवाय श्रावण येतोय. कानबाईला, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, सगळी भाऊबंदकी घरी असणार, आणि रोट, म्हणजे तिचा प्रसाद, नाकारायचा नसतो. अनुभवी लोकांनी लिहा.

जुना अमळनेरकर

ताई, राग मानू नका. आमच्या वेळी ताटात पडेल ते खायचो. ठेचा-भाकरी मिळाली तरी दिवाळी. हे ऑटिझम वगैरे तेव्हा नव्हतं. पोरीला आठ दिवस निंदणीला न्या, संध्याकाळी आपोआप चार भाकरी खाईल. भुकेला कोंडा, निजेला धोंडा.

लोकोशेड

काका, निंदणीला पाठवलेला तो पोरगा मी आहे. आता वय चौतीस, राहणार भुसावळ, रेल्वेत नोकरी. ऑटिझमचं निदान एकतिसाव्या वर्षी झालं. मामाच्या शेतात आठ दिवस होतो, चार भाकरी खाल्ल्या नाहीत. सहाव्या दिवशी उन्हात पडलो आणि सलाईन लागलं. मामाने आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं की पोरगं नाजूक आहे.

शेवभाजीचं उदाहरण देतो म्हणजे कळेल. आख्ख्या खान्देशाचा जीव तिच्यात. तुम्हाला तो एक पदार्थ वाटतो. मला पहिल्या घासाला शेव कुरकुरीत लागते, तिसऱ्याला अर्धी मऊ, सातव्याला लगदा, आणि वर काळ्या मसाल्याचा तवंग टाळूला चिकटतो. एका वाटीत तीन पदार्थ, आणि कुठला कधी येईल ते सांगता येत नाही. भरीत तर विचारू नका. धुराचा वास, बिया, मध्येच दोरा. तुम्ही झोपेत असताना कुणी तोंडावर ओला फडका टाकला तर जसं दचकाल तसं मला प्रत्येक घासाला होतं. ती नावड नाही. नावडीचं मी खातो. कारलं खातो, कारण कारलं रोज सारखंच कडू असतं.

चोपडेकर ताई, भुकेबद्दल मनू खरं बोलतेय. पोटातून येणारे निरोप आमच्यातल्या बऱ्याच जणांना नीट पोचत नाहीत. मला भूक कळत नाही. हात थरथरायला लागले, साहेबावर उगाच ओरडलो, की मग लक्षात येतं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही. त्यावर बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाचं पोट मंद होतं, दोन घासांत गच्च वाटतं. म्हणजे तिचं दुहेरी. 'भूक लागली की खा' हा सल्ला आमच्या कामाचा नाही. मी घड्याळावर खातो. ड्यूटी चार्टसारखं लिहून फ्रिजला लावलंय. आठ, साडेअकरा, दोन, साडेपाच, साडेआठ. गाडी रिकामी असली तरी वेळेवर सुटते ना, तसं.

आणखी एक. ती जेवत असताना तिच्याकडे बघू नका, आणि खाल्ल्यावर 'शाब्बास' म्हणू नका. माझी आई प्रत्येक पोळीला शाब्बास म्हणायची. मला वाटायचं, आता उद्या दोन खाव्या लागतील.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ, धुळ्यात काम करते. तपासल्याशिवाय कुणाचा आहार ठरवणार नाही, पण ढोबळ सांगते.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक ॲनोरेक्सिया. दुसरा आर्फिड नावाचा विकार, अमेरिकी निदानपुस्तिकेत तो २०१३ साली आला, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही आहे. आर्फिडमध्ये वजनाशी, दिसण्याशी काही देणंघेणं नसतं. पोत-वास सहन होत नाही, किंवा खाण्यात रसच नसतो, किंवा एकदा घास अडकल्यावर, उलटी झाल्यावर खाण्याची धास्ती बसते. तिन्ही एकत्रही असू शकतात. ऑटिस्टिक मुलांत हा बराच दिसतो. आणि ॲनोरेक्सिया असलेल्या मुली-बायकांमध्ये ऑटिझमचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त आढळतं, तेही आता माहीत झालंय. तिथे कारण पुष्कळदा आरसा नसतो. एखादा नियम असतो, मोजणं असतं, किंवा उपाशी राहिल्यावर आतला कल्लोळ शांत होतो हे असतं. जिला जाडीची भीतीच नाही तिला आरशासमोर उभं करून काय मिळणार?

आता तुमचा मुख्य प्रश्न, लाड की उपचार. ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. नववीच्या आधीची यादी काढा. भरीत, कळण्याची भाकरी, केळं हे ती तेव्हाही खात नव्हती. तो तिचा स्वभाव, त्याच्या वाटेला आत्ता जाऊ नका. बिस्किट, भात, दूध नववीनंतर गेलं. ते आजाराने नेलं, ते परत आणायचं. म्हणजे 'सगळं खाणारी मुलगी' करायची नाहीये, ती कधी नव्हतीच. आठवीतली मनू पाच पदार्थांवर वाढत होती, पाळी सुरू झाली होती, पळत होती. आधी तिथवर पोचू. रक्ततपासणीत जे कमी निघेल, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, ते डॉक्टर गोळ्यांनी भरून काढतील.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका, आणि आपल्याकडे सगळ्या आया हेच करतात: तिच्या खात्रीच्या पदार्थात गुपचूप काही मिसळणं. वरणात चोरून तूप, दुधात पावडर. तिला कळणारच, जिभेला तेवढंच तर नीट कळतं. मग वरणही गेलं, आणि तुमच्यावरचा विश्वासही. घालायचं तर सांगून घाला. "आजपासून भाकरीला एवढं तूप, हा चमचा, रोज हाच."

चोपडेकर आई

नववीच्या आधीची यादी! इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. रात्री सासूबाई, मी आणि मनू तिघी बसून काढली. सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. शिरा खायची, पण बेदाणा नसेल तरच. पापडाची लाटी खायची. बिबडे (ज्वारीचे पापड) कच्चे असताना खायची, तळलेले नाही. यादी पाचाची नव्हती, अकराची निघाली.

पण एक अडचण. तूप बघून ती नको म्हणाली. हे वंगण तोंडाला लागतं म्हणून, की आजार बोलतोय? मला कसं कळावं?

चाळीसगावचा

मूळ चाळीसगाव, सध्या नाशकात मानसोपचाराची प्रॅक्टिस. ताटवाटींशी सहमत. तुमच्या तुपाच्या प्रश्नावर: तिला विचारा, पण 'का' विचारू नका. 'का खात नाहीस' याचं उत्तर देणं अशा मुलांना फार अवघड जातं, स्वतःच्या भावनेला नाव देता येत नाही. त्याऐवजी पर्याय लिहून द्या. वास, पोत, गरम-गार, ताटात दुसऱ्याला चिकटलं, प्रमाण जास्त झालं, नियम मोडला. बोटाने दाखवू दे. पहिल्या चारांवर बोट ठेवलं तर पदार्थ बदला, त्याच ताकदीचं दुसरं काही द्या. शेवटच्या दोनांवर ठेवलं तर तो आजार आहे, तिथे प्रेमाने पण ठाम राहायचं, घासाघीस नाही. कधी दोन्ही एकदम असतं. तेव्हा तिच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

ऑटिझमच्या निदानाबद्दल थोडं, कारण इथे वाचणाऱ्या अनेकांना शंका येईल. उपाशी मेंदू कुणालाही ताठर करतो. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. ती धडधाकट मुलं एकलकोंडी झाली, चिडकी झाली, घास तासन्‌तास चघळायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, सतत थंडी वाजते म्हणू लागली. म्हणून ॲनोरेक्सियातल्या मुलीचं आजचं वागणं बघून ऑटिझमचा शिक्का मारता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तीन वर्षांची मनू विचारली ती याचसाठी.

आणि उपचार बदलता येतात. लंडनच्या साउथ लंडन अँड मॉडस्ली आरोग्यसेवेत केट चँटूरिया यांच्या गटाने 'पीस' नावाची पद्धत याच दुहेरी रुग्णांसाठी बसवली. त्यात काही जादू नाही. वॉर्डातला गोंगाट आणि भडक रंग कमी केले, हाताशी धरायला वस्तूंची पेटी दिली, प्रत्येक रुग्णाचा 'माझ्याशी कसं बोलावं' असा एक कागद केला, आणि जेवणात साध्या, रोज सारख्या चवीच्या पदार्थांची वेगळी यादी ठेवली. तुमचं स्वयंपाकघर एवढं नक्की करू शकतं. किशोरवयात आई-वडिलांनी काही काळ जेवणाची सूत्रं हातात घेणं हा मान्य उपचार आहेच, फक्त मनूच्या बाबतीत ती हातात घेण्याआधी तिला वेळापत्रक दाखवायचं. आजचं ताट आज कळलं तर उशीर झाला, काल रात्री कळायला हवं.

आता कठोर भाग. हे घरच्या घरी करताना पुढचं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा: चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी नाडी पन्नासच्या खाली, छातीत धडधड, पायावर सूज, पाणीही बंद, किंवा जगायचं नाही असं बोलणं. आणि फार दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदय बंद पडू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, टप्प्याटप्प्याने. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

विसरभोळी

शहाद्याहून. माझी दुसरी बाजू लिहिते, कारण धाग्यात सगळं कमी खाण्याबद्दलच चाललंय. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, आणि सोबत बकाबका खाण्याचा विकार. दिवसभर जेवण विसरायचं, शाळेत शिकवते, डबा तसाच परत. रात्री दहाला उभ्याउभ्याच, कढईतून, दुखेपर्यंत. मग लाज. मग दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास. आपल्याकडे उपास कधीही सापडतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ. सासरी सगळ्यांना वाटायचं, किती देवभोळी सून! तो उपास देवाचा नव्हताच, कालच्या कढईचा होता. चोपडेकर ताई, श्रावणात मनूच्या तोंडून 'मी पण धरते' आलं तर हुरळून जाऊ नका.

माझी दोन निदानं जोडायला बारा वर्षं गेली. एक डॉक्टर म्हणायचे संयम नाही, दुसरे म्हणायचे नैराश्य. एडीएचडीचं औषध सुरू झालं, मेथिलफेनिडेट, त्याने दिवसाची भूक आणखी मेली आणि संध्याकाळी औषध उतरलं की कढई दुप्पट. मग वेळ बसवली: गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, दुपारी भूक नसली तरी ठरलेला डबा, संध्याकाळी पाच वाजता आधीच काढून ठेवलेली ताटली. रात्रीचं उभ्याने खाणं पूर्ण गेलं नाही, पण महिन्यातून एखाद-दोनदा. स्वयंपाकघरात एक पाट ठेवलाय. काहीही खा, पण पाटावर बसून, एवढाच नियम. तीन नियम केले असते तर तिन्ही विसरले असते.

चाळीसगावचा

विसरभोळी, वेळ छान बसवलीत. एक भर: २०१३ पर्यंत ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन निदानं अमेरिकी पुस्तिकेप्रमाणे एकाच माणसाला देताच येत नव्हती, त्यामुळे जुन्या फायलींत एकच लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांची खरी ओढाताण असते. एक मन म्हणतं रोज तेच हवं, दुसरं चौथ्या दिवशी त्याला कंटाळतं. अशांना एक पदार्थ नाही, तीन पदार्थांची आलटूनपालटून पाळी लावून द्यावी.

पांझराकाठ

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय, आणि लिहिताना हात कापतोय. माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक, आर्फिड. आम्हाला कुणीतरी सांगितलं की त्याचं तो ठरवेल, जबरदस्ती नको, आहे ते देत राहा. आम्ही देत राहिलो. बारा पदार्थांचे आठ, आठाचे पाच, शेवटी तीन: मीठ-भात, कोरडी पोळी, एका पुड्यातले वेफर्स. कंपनीने पुड्याचा रंग बदलला आणि वेफर्सही गेले. गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी तो अंगणात ठेचकाळायला लागला. अ जीवनसत्त्व इतकं कमी झालं होतं की अंधारात दिसत नव्हतं. एकविसाव्या शतकात, धुळ्यात, दोन पगारांच्या घरात. तेव्हा 'जसं आहे तसं स्वीकारा' वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. स्वीकारून पोरगं आंधळं होत होतं.

ताटवाटी

बरं केलंत लिहिलंत. मी 'वाटेला जाऊ नका' म्हटलं ते आत्तापुरतं आणि मनूपुरतं होतं, तिच्या ॲनोरेक्सियाचं आधी बघायचंय म्हणून. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे नुसतं थांबलं तर यादी आपोआप आक्रसते, कारण एकच पदार्थ सतत खाल्ला की त्याचाही एक दिवस वीट येतो, आणि जो गेला तो सहसा परत येत नाही.

उपाय जबरदस्ती नाही, साखळी. कोरडी पोळी खातो ना? तीच पोळी, तोच तवा, आकार बदला. आठ दिवसांनी तीच पोळी थोडी कडक, खाकऱ्याकडे नेणारी. मग दुसऱ्या पिठाची चिमूट, त्याला दाखवून. नवीन पदार्थ ताटात नाही, शेजारच्या वाटीत. खायचा नाही, फक्त तिथे असू द्यायचा. मग हात लावायचा. मग वास. मग ओठाला. एका पदार्थाला दोन-दोन महिने लागतात आणि मध्येच ताप आला की पहिल्यापासून सुरू. एकाच पुड्यावर राहू नये म्हणून दोन कंपन्यांचं आधीपासून ठेवायचं, तेही पुड्यातून काढून आपल्या डब्यात.

जुना अमळनेरकर

सगळं वाचलं. अर्धं पटलं नाही. पण अंधारात न दिसण्याचं वाचून रात्री झोप आली नाही. लोकोशेड, तुमच्या मामाच्या जागी मी स्वतःला पाहिलं, ते बरं वाटलं नाही. शेव आणि रस्सा वेगळा वाढायला काय जातं, एवढं मात्र मला कळलं. हॉटेलात तसाच देतात की. घरी का नाही?

लोकोशेड

काका, तेवढं जरी आख्ख्या खान्देशाने केलं तरी मी पंगतीत बसेन.

नाहीतर आपल्याकडे लग्नात काय होतं माहीत आहे. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आणि यजमान स्वतः भांडं घेऊन फिरतात. हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वरण पडतं. त्यांचं प्रेम असतं, मला मान्य आहे. पण आग्रह म्हणजे माझ्या ताटात पुढच्या क्षणी काय पडेल ते माझ्या हातात नाही. मी लग्नाला जातो, आहेर देतो, आणि जेवणाच्या वेळी पार्किंगमध्ये माझा डबा खातो. दोन चुलतभाऊ आता तिथेच येऊन बसतात. शांत असतं म्हणे.

पांझराकाठ

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, प्रमाणपत्र निघतं. ते असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, बाह्यरुग्ण खर्च आणि थेरपीसुद्धा त्यात बसते, मर्यादा आहेत. कागदपत्रांत दोन महिने गेले. पण झालं.

चोपडेकर आई

तीन आठवड्यांनी येतेय. कानबाई झाली.

आधी चाळीसगावच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आदल्या रविवारीच मनूला कागदावर सगळं लिहून दिलं. कोण येणार, किती वाजता, भजनाचा आवाज किती वेळ, ती कुठे बसणार, काय वाढलं जाणार. तिने कागदावर दोन खुणा केल्या: वरची खोली आणि स्वतःचं ताट. जळगावच्या फुले मार्केटातून तीन खणांचं ताट आणलं, काहीही कशाला चिकटत नाही.

प्रश्न रोटाचा होता. पुरण, खीर, भोपळ्याची भाजी, यातलं एकही तिच्या अकरात नाही. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, कानबाईचा रोट आहे, एक घास तरी. मनूचा चेहरा पांढरा झाला. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई देवीसमोरून उठल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे वं. तिना जीवले नको लाऊ. कानबाई माय काय ताट मोजाले बसनी शे का?" रोटाचा तुकडा मनूच्या हातावर ठेवला, तिने कपाळाला लावला, सासूबाईंनी परत घेऊन स्वतः खाल्ला. जाऊबाई गप्प. सासूबाईंपुढे कोण बोलणार.

मग मनू वर गेली आणि साडेआठ वाजता, चार्टप्रमाणे, भाकरी-वरण-भात खाल्लं. भात! घरात पंचवीस माणसं असताना. मी शाब्बास म्हटलं नाही. जिन्यात जाऊन उभी राहिले.

सगळं गोड नाही. तुपावर बोट 'प्रमाण जास्त झालं' वर ठेवलं होतं तिने, म्हणजे आजारच. आठवडाभर रोज संध्याकाळी रडारड, एकदा ताट भिंतीवर. चमचा मात्र तोच ठेवला, कमी केला नाही, वाढवलाही नाही. फेऱ्या अजून चालू आहेत, लपून. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, दिशा बरी आहे, वेग विचारू नका. बिस्किट अजून नाही.

मनूला दोन ओळी लिहायच्या आहेत. फोन देते.

मी मनू. लोकोशेड दादा, तुम्ही कारल्याचं लिहिलंय ते बरोबर आहे. लोकांना वाटतं मला फिकं आवडतं म्हणून मी फिकं खाते. मला फिकं आवडत नाही. मला फिकं कळतं. ताटवाटी मॅडम, बिस्किटात मैदा असतो हे अजून खरंच आहे, त्यामुळे तो नियम कसा मोडायचा ते मला समजत नाही. 'थोडं चालतं' म्हणजे किती ते सांगितलं तर बरं. आणि बारावीनंतर जळगावला हॉस्टेलला राहिले तर मेसमध्ये रोज भाजी वेगळी असते. तिथे काय करतात?

ताटवाटी

मनू, 'थोडं' हा शब्द मी मागे घेते. तुझ्या डॉक्टरांशी बोलून नवा नियम लिहून देते, जुन्या नियमाच्या जागी: दोन बिस्किटं, साडेपाच वाजता, दुधासोबत, रोज. व्याख्यानात जे सांगितलं ते जास्त खाणाऱ्यांसाठी होतं. तुझ्यासाठी ते चुकीचं औषध होतं. दुसऱ्याची गोळी आपण घेत नाही ना, तसं.

लोकोशेड

मनू, मी तीन वर्षं मेसमध्ये होतो. पहिल्याच दिवशी मेसवाल्या मावशींना चिठ्ठी दिली, कारण तोंडाने मला सांगता येत नव्हतं. 'मला रोज फोडणीआधी काढलेलं वरण, भात आणि चपाती द्या, भाजी नको, पैसे पूर्ण देईन.' त्यांनी चिठ्ठी मसाल्याच्या डब्याला चिकटवली. दोनच्या गर्दीत जाऊ नकोस, पावणेतीनला जा, पंखे चालू असतात आणि ताटं धुऊन झालेली असतात. चिठ्ठीचा मजकूर हवा असेल तर सांग, टाइप करून टाकतो.

चोपडेकर आई

टाका दादा. ती म्हणतेय, 'फोडणीआधी' हा शब्द तसाच ठेवा.